पोपटी रीळ

दहिसरच्या कार्यक्रमात दानात मिळालेलं शिलाई मशीन समोर येताच मालनला राहवलं नाही. पिशवीतलं पोपटी दोऱ्याचं रीळ तिनं तिथंच चढवलं. फोटो निघाले. "टेम्पोनं घरपोच येईल, ताई," संस्थेच्या दीप्तीमॅडम म्हणाल्या. त्याच संध्याकाळी तिनं आपलं जुनं मशीन शेजारच्या दिशाला देऊन टाकलं. नवरा गेल्यापासून पोरीच्या हाताला काम नव्हतं. पंधरा दिवसांनी मोबाइलवर मुलुंडच्या कार्यक्रमाचा फोटो आला. मशीनपाशी दुसरीच बाई हसत होती, पोपटी रीळ मात्र मालनचंच होतं. तिनं फोन लावला. "अगं, प्रत्येकीला कुठून देणार?" मॅडम म्हणाल्या. "ते फोटोपुरतं असतं. साडी मिळाली ना तुला?" भिंतीपलीकडे जुनं मशीन खडखडत होतं. मन घट्ट करून मालन ते परत मागायला दिशाच्या दारात गेली. "या काकी," दिशा म्हणाली, "मशीनसोबत तुमचा एक फोटो काढते."