भरतीचा घास

जपानची लढाई थांबायच्या आदल्या दिवशी परशुराम इंग्रजांच्या आरमाराच्या जहाजावरून लढाऊ विमान घेऊन उडाला, तो परतलाच नाही. कोपरच्या खाडीकाठी त्याच्या घरी तार आली, त्यात एवढंच होतं, 'बेपत्ता'. पण त्याची आई मनुबाई पडली कोळीण. आरमारातला पोर गेला म्हणजे दर्यानेच नेला, हे तिला कोणी सांगावं लागलं नाही.

तेव्हापासून रोज भरतीला ती खाडीवर जायची आणि तांदळाच्या भाकरीवर तळलेला बोंबील ठेवून पाण्यात सोडायची. "दर्याचंच पानी हाय, पोचंल त्याला," म्हणायची. सोडलेला घास कधी काठाला परत लागला नाही, तेवढ्यावर ती तगून होती.

त्रेपन्न साली सरकारी पत्र आलं. धाकट्या राघोने ते चुलीपाशी बसून वाचलं.

"आये, दादाचं विमान सापडलं. सुमात्रात, डोंगरावरच्या रानात. दर्या तिथनं लई लांब हाय."

थापलेली भाकरी मनुबाईच्या हातातच राहिली.



"म्हंजे माजं पोर आठ वर्सं उपाशीच हाय रं?"