बापासारखा

जानेवारीचे ऊन मेलबर्नच्या त्या मैदानावर पांढरेफटक पसरले होते. फुटबॉलचा हंगाम अजून दूर होता. तरी कुंपणाला रेलून सराव पाहणारे चाहते एकेका खेळाडूला जोखू लागले होते.

"त्या लांबड्याचं पोट बघा! सुट्टीभर नुसती बिअर ढोसलीय लेकानं," नेव्हिल म्हणाला. "नाहीतर आपला हेमिश. चेंडू दिसला की आधी डोकं घालतो."

तेवढ्यात हेमिश खरोखरच चेंडूवर झेपावला आणि कुणाचा तरी गुडघा त्याच्या कपाळावर आदळला. तो कोसळला, क्षणभर तसाच पडून राहिला. मग उठला आणि डोके झटकून पुन्हा धावू लागला. कुंपणापाशी टाळ्या उसळल्या.

"अगदी बापावर गेलाय, ग्लेनिस!" नेव्हिल हेमिशच्या आईकडे वळून म्हणाला. "तुझा नवरा रसही असाच खेळायचा. किती वेळा डोक्याला मार बसला, पण मैदान सोडलं नाही पठ्ठ्यानं."

ग्लेनिसची नजर हेमिशच्या कपाळावर खिळली होती. शेजारी उभा असलेला तिचा नवरा, जेमतेम पन्नाशीतला रस, मात्र उजळून गेला होता. टाळ्या वाजवता वाजवता तो तिच्या कानाशी झुकला.

"दमदार पोरगा आहे गं," तो म्हणाला. "कुणाचा?"