अडीच तासांवरचं माहेर

इटलीतल्या तोरिनोत एर्नेस्ताबाईंना सांभाळणारी विओरिका त्यांना सूप भरवत होती, तेवढ्यात रोमानियातल्या याशहून भावाचा फोन आला. “आईचं काही खरं नाही. अडीच तासांचं विमान, तरी चार वर्षं तुला जमलं नाही!” तिनं दुपारचं तिकीट काढलं आणि एर्नेस्ताबाईंच्या लेकीला ब्रसेल्सला फोन लावला. “आज कशी येऊ? मध्ये विमान बदलावं लागतं,” लेक कुरकुरली. “मग बदला,” विओरिका थकल्या आवाजात म्हणाली. “मी निघालेय.” शेजारीण येऊन बसली, तशी विओरिकानं बॅग उचलली. “लांब चाललीस का गं?” एर्नेस्ताबाईंनी विचारलं. “आईकडे. अडीच तास लागतात.” “इतकंच? मग जेवायला येशील परत.” विओरिका ‘हो’ म्हणाली आणि जिना उतरली. दारातच फोन पुन्हा वाजला. भावाचाच होता. उचलला तर नको ते ऐकावं लागेल, म्हणून न उचलताच ती विमानतळाच्या बसकडे धावली.