अर्धा चमचा साखर

सातवी बाटली फुटली तेव्हा क्लिफर्ड जिन्याखालच्या कपाटाचं दार पाठीने दाबून उभा होता आणि त्याच्या भुवईतून रक्त गळत होतं.

"बाबा, बाजूला व्हा! आत जाऊ नका!" बेव्ह ओरडली. त्याची मुलगी नुकतीच दारातून आत येत होती.

"जातोय कोण? माझीच कर्मं आहेत ती, बाहेर यायला बघताहेत," म्हातारा म्हणाला. आत आठवी फुटली.

क्लिफर्ड एक्याऐंशी वर्षांचा. गिरणी बंद पडली, बायको गेली, गुडघे गेले, पण दर दीड महिन्याला दुकानातून काकवीसारख्या दाट अर्काचा डबा आणायचा, तो बादलीत आंबवायचा आणि चाळीस बाटल्या कडवट बिअर भरायची, हे काही त्याने सोडलं नव्हतं. पन्नास वर्षांत एक बाटली फुटली नव्हती. बूच दाबण्याआधी दर बाटलीत अर्धा चमचा साखर पडते, तेवढ्यानेच बिअरला फेस धरतो. दुप्पट पडली की बाटलीचा फटाका होतो, हे त्या गल्लीतलं शेंबडं पोरही सांगेल.

वर्षभर बेव्ह त्याच्या कानीकपाळी ओरडत होती, एकटे राहू नका, वृद्धाश्रमात चला. म्हातारा मोठा खट. "या घरातून मी आडवाच निघेन," म्हणायचा. फार झालं की म्हणायचा, "ज्या दिवशी माझी बिअर चुकेल ना, त्या दिवशी मीच फोन करीन. तोवर चहा कर."

भुवईला चार टाके पडले. दवाखान्यातून आल्यावर क्लिफर्डने साखरेच्या दोन पिशव्या टेबलावर ठेवल्या.

"ही जुनी. संपवली, म्हणून रद्दीत टाकलेली. आणि ही नवी, हीसुद्धा फोडलेली. दोनदा घातली मी साखर, बेव्ह. आणि मला आठवत नाही गं."

नवी पिशवी बेव्हने फोडली होती. दोन आठवड्यांपूर्वी ती आली तेव्हा चाळीस भरलेल्या बाटल्या ओट्यावर बुचांशिवाय उभ्या होत्या, म्हातारा खुर्चीत घोरत होता आणि साखरेच्या पिशवीचं तोंड चिकटलेलंच होतं. विसरले वाटतं, ती मनात म्हणाली. उठवलं तर ओशाळतील. मग तिनेच गुपचूप चमचा फिरवला. जुन्या पिशवीतली साखर आधीच पडली असेल, हे तिच्या ध्यानीमनीही आलं नाही.

तेव्हाच बोलायला हवं होतं. पण क्लिफर्ड फोनकडे गेला, वृद्धाश्रमाचा नंबर फिरवला आणि म्हणाला, "तुमच्याकडे जागा आहे का?" बेव्हच्या मनात आलं, रोज दोन बस बदलून इथे येणं सुटलं. रात्री फोन वाजला की दचकणं सुटलं. आणि तिने तोंड शिवून घेतलं. पाच दिवस तिला अन्न गोड लागलं नाही, पण तोंड काही उघडलं नाही.

सहाव्या दिवशी दुपारी वृद्धाश्रमाच्या मिसेस पिकर्सगिल कागद घेऊन आल्या. क्लिफर्डने टाय बांधला होता. बिस्किटांची बशी त्याने स्वतःच पुढे सरकवली.

"एक विचारू? तिथे बिअर करू देतात का हो? थोडीशीच."

"नाही हो. गरम पाणी, काचेच्या बाटल्या... कुणाला लागलं म्हणजे?"

"बरोबर आहे," क्लिफर्ड म्हणाला. "माझ्यासारख्याच्या हातात देऊच नये."

आणि त्याने पेन उचललं.

बेव्हच्या हातातली किटली ओट्यावर आदळली. "बाबा, थांबा! ती साखर मी घातली."

दोघांनीही वळून पाहिलं.

"तुम्ही झोपला होतात. मला वाटलं, विसरलात. तुम्ही नव्हता विसरलात, बाबा! तुमची बिअर चुकलीच नाही. मीच चुकवली. आणि कळल्यावरही गप्प बसले, कारण..." ती टेबलापाशी आली. "कारण तुम्ही इथून जावं, असं मला वाटत होतं. फार वाईट आहे मी. नका सही करू."

क्लिफर्डने पेन खाली ठेवलं आणि तिचा हात हातात घेतला. त्याचे डोळे भरून आले होते.

"ऐकलंत ना, बाई? गेल्या हिवाळ्यात मी रात्रभर गॅस चालू ठेवला, तेव्हा ही म्हणाली, बाबा, मीच विसरले. पेन्शनचं पुस्तक फ्रीजमध्ये सापडलं, तेव्हा म्हणाली, मीच ठेवलं असेल. आता साखरही हिनेच घातली!"

"ते खोटं होतं, बाबा! हे खरं आहे! देवाशपथ!"

"बरं बरं. रडू नकोस, पोरी." तो मिसेस पिकर्सगिलकडे वळला. "गुणाची आहे हो. पण खोटं काही हिला जमत नाही. बोलली की कान लाल होतात, अगदी लहानपणापासून. बघा, तुम्हीच बघा."

मिसेस पिकर्सगिलनी पाहिलं. बेव्हचे कान लालबुंद झाले होते.

"आता सांगा," क्लिफर्ड म्हणाला, "असल्या पोरीला मी आणखी किती दिवस खोटं बोलायला लावू?" आणि त्याने सही केली.