यादीतला एकच नंबर

"तुम्ही धाकट्या बहीण ना?" फोनवरच्या मुलीनं विचारलं.

चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकाच्या नाकावर तपासणीची जड फ्रेम होती. धाकटी दुसरी काच हातात घेऊन उभी होती.

"कोणाची बहीण?" असं तिनं विचारलं खरं, पण तोवर हातातली काच टेबलावर ठेवली गेली होती.

"मी घराच्या सुरक्षा कंपनीच्या कंट्रोल रूममधून बोलतेय. तुमच्या ताईंच्या घरी कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजतोय. त्या फोन उचलत नाहीत. या वायूला वास नसतो, माणसाला कळतच नाही, नुसती झोप येते. अग्निशमन दल निघालंय. यादीत नातेवाइकांचा एकच नंबर आहे. तुमचा."

गिऱ्हाइकाला तसंच सोडून ती चपला न घालता धावत सुटली. घर चार गल्ल्या पलीकडे होतं. हाकेच्या अंतरावर, पण नऊ वर्षं कोणी कोणाला हाक मारली नव्हती.

ती पोचली तेव्हा दार फोडून झालं होतं. आतला अलार्म रस्त्यापर्यंत किंचाळत होता. समोरच्या फुटपाथवर, घोंगडीत गुंडाळलेली थोरली बसली होती. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, केस मोकळे. इतके पिकलेले.

"तुम्ही घरच्या का?" रुग्णवाहिकेतल्या नर्सनं विचारलं.

धाकटीनं थोरलीकडे पाहिलं. थोरलीनं मान हलवली. हो.

"थोडक्यात निभावलं. डोकं दुखतंय म्हणून पडल्या होत्या. अजून पंधरा मिनिटं तशाच राहिल्या असत्या तर..." नर्सनं मास्कचा पट्टा आवळला. "मास्क काढू देऊ नका. मी इथेच आहे."

अग्निशमन दलाचा जवान हातात काटक्या, पिसं घेऊन बाहेर आला. "हे बघा. गॅसच्या गिझरचा धूर बाहेर नेणारी नळी. तिच्या तोंडाशी पाखरानं घरटं केलंय. थंडीमुळे खिडक्या बंद, सगळा धूर आतच कोंडला. ते यंत्र भिंतीवर नसतं तर आम्हाला कोणी बोलावलंच नसतं." मग तो बजावून गेला, "घर मोकळं होईपर्यंत कोणीही आत यायचं नाही."

धाकटी फुटपाथवर टेकली. दोघींमध्ये एक माणूस बसेल एवढी जागा राहिली.

मास्कच्या पट्ट्यानं थोरलीचा चष्मा वाकडा झाला होता. धाकटीनं बराच वेळ तिकडे पाहिलं नाही. शेवटी राहवेना. तिनं चष्मा काढून घेतला, काडी बोटांनी हलकेच वाकवली, पदरानं काचा पुसल्या. फ्रेम तिच्या ओळखीची होती. तिनंच बसवून दिलेली. एका बिजागरीला दोरा गुंडाळला होता.

थोरलीनं मास्क जरासा उचलला. "नंबर बदलला नाहीस."

"तुझा मात्र बदलायला हवा होता," धाकटी काचेतून आरपार बघत म्हणाली. "याच्यातून तुला काय कपाळ दिसतं?"

"तू येताना दिसलीस की."

धाकटीनं चष्मा पुन्हा तिच्या डोळ्यांवर चढवला. कानामागचे केस सारले. हात लगेच मागे घेतला नाही.

"माझा नंबर का दिलास?"

"त्या फॉर्मवर जवळचं माणूस असं लिहिलं होतं." मास्कमधून शब्द दबून येत होते. "दुसरं कोणाचं नाव घालणार?"

"आणि मी आले नसते तर?"

धाकटीच्या अनवाणी, धुळीनं माखलेल्या पावलांकडे थोरली बघत राहिली. मग अंगावरच्या घोंगडीचं एक टोक सोडवून तिनं त्या पावलांवर टाकलं. टोक पुरेना, म्हणून धाकटी जवळ सरकली.

घरातल्या खिडक्या एकामागोमाग एक उघडल्या जात होत्या. अलार्म थांबला. रस्ता एकदम शांत झाला, तेव्हा दोघींना एकमेकींचा श्वास ऐकू यायला लागला.

जवान पुन्हा बाहेर आला. "हवा बरीच निवळलीय. थोडं तपासायचं राहिलंय, दहा मिनिटांत तुम्हाला आत जाता येईल. थंडीत फार ताटकळलात."

थोरलीनं मास्क पूर्ण बाजूला केला.

"घाई करू नका हो," ती म्हणाली. "सगळ्या खोल्या नीट बघा."

"माळासुद्धा," धाकटी म्हणाली.