उंबऱ्यावरचा तांब्या

लातूर जिल्हा नवा झाला, तरी निलंग्याच्या वृद्धाश्रमात पाणी टँकरचंच, माणशी एक घागर. अंथरुणाला खिळलेल्या नागुबाईचा हट्ट एकच: दुपार कलली की शेतातून येणाऱ्या धन्याच्या पायांवर उंबऱ्यात तांब्याभर पाणी ओतायचं. धनी जाऊन बारा वर्षं झालेली.

"ही नासाडी बंद कर," व्यवस्थापकांनी सेविकेला, सिंधूला बजावलं.

"ज्याची त्याची सवय असती, साहेब. मी न्हाई मोडणार."

ती स्वतःच्या वाटणीचं पाणी ओतू लागली. पण रोज ते गढूळच वाहायचं. म्हणून आज तिनं उंबरा आधी लख्ख पुसला, मग तांब्या कलता केला.

काळ्या रानाचा चिखल वाहू लागला. तिचा हात थबकला.

भिंतीकडं तोंड करून पडलेली नागुबाई म्हणाली, "थांबलीस का, पोरी? त्यांचा दुसरा पाय ऱ्हायला की."