फाटकावरची जागा

तुंगार्लीतला बंगला राखणाऱ्या चाँदभाईंची सुमय्या मालकांच्या पियानोवर जॅझ शिकली. मोबाइलवर बघून आणि अर्थातच मालकांना न विचारता. ती वाजवायची तेव्हा अब्बा फाटकावर. गाडी दिसली की ते कडी आपटायचे, ती मधेच थांबायची. त्या मधेच थांबण्याला आता परदेशातले समीक्षक शैली म्हणतात. फाटकापर्यंत मात्र तिचा दबकत वाजवलेला पियानो ऐकू जात नसे.

आज मालकांनीच मोठ्या कौतुकानं त्याच दिवाणखान्यात तिचा कार्यक्रम ठेवला. पहिल्या रांगेत तिनं अब्बांसाठी धरलेली खुर्ची रिकामीच राहिली, तेव्हा तिनं फोन लावला.

"अब्बा, आत या ना. मालक तर माझ्यासमोरच बसलेत."

"बसू देत. तू वाजव बिनघोर. मी आहे फाटकावर."